रुमालात बांधलेलं जुन्नर

ट्रेकला जाताना आपण ज्या वाटेवरून धडाधड पुढे निघून जातो, तिथला दोन हजार वर्षांचा हिशेब कुणीतरी लिहून ठेवलाय. तो वाचायला शिकलं की जुन्नर-आंबेगावचा नकाशाच बदलतो... आणि कधीकधी आपलं स्वतःचं ॲडमिशनही!

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांचा रविवारचा प्लॅन ठरलेला असतो. नाणेघाट, नाही तर माळशेज, नाही तर भीमाशंकर. पहाटे बाइक काढायची, नारायणगावला मिसळ हाणायची, दुपारी ढगात फोटो आणि संध्याकाळी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न. नाणेघाटात पावसाची सर आली की सगळे त्या मोठ्या गुहेत घुसतात. जॅकेट झटकतात, डबे उघडतात. भिंतीवर काहीतरी कोरलंय, हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

ते ‘काहीतरी’ म्हणजे एका राणीचा जमाखर्च आहे, बॉस! सातवाहनांची राणी नागनिका. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याची रीतसर यादी. त्यात आकडे आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांच्या नमुन्यांत त्यांची गणती होते. शेजारी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पावलं तेवढी उरलीत, वर नावं आहेत. घाटातून माल चढायचा, जकात वसूल व्हायची, आणि जिथून सगळा व्यापार जातो तिथेच घराण्याने आपला बोर्ड लावला. आजच्या हायवेवरच्या होर्डिंगांचा फंडा यापेक्षा फार वेगळा नाही.

जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्रीला आपण गणपतीला जातो, पण तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातली लेणी पाहणारे कमीच. तिथले लेख छोटे असतात, एक-दोन ओळींचे. पण मजकूर पाहा. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल नावाच्या एका ‘यवना’ने दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. एका शकाने जमिनीचं उत्पन्न लावून दिलं ते करंजाची झाडं लावण्यासाठी! सीएसआरचं बजेट म्हणा हवं तर. मुद्दा असा की परदेशातून आलेली माणसं इथे राहिली, बौद्ध भिक्खूंना दान करू लागली आणि इथल्याच भाषेत आपलं नाव कोरून गेली. दरबारी काव्यात या मंडळींना जागा मिळाली नसती. पाण्याच्या टाक्यावर मिळाली.

मग मध्ये मोठी उडी. १६७५ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला. तेव्हा जुन्नर आणि शिवनेरी मोगलांकडे. मोगल अधिकाऱ्याच्या बायकोला बरं नव्हतं, म्हणून त्याला बोलावणं गेलं. पडद्याआडून एक हात पुढे आला, त्याने नाडी पाहिली आणि सांगितलं, ही तर ठणठणीत आहे. खरंच होतं ते! डॉक्टरची परीक्षा घ्यायला आधी एका दासीचा हात पुढे केला होता. फ्रायरचं पुस्तक १६९८ साली लंडनला छापलं गेलं. एका शहराच्या जनानखान्याबद्दल, हवेबद्दल, लोकांच्या भीतीबद्दल त्यातून जे कळतं ते लढायांच्या बखरीतून कळत नाही. अर्थात फ्रायरचे पूर्वग्रह पानोपानी आहेत, ते बाजूला ठेवत वाचायचं.

रुमाल खिशातला नव्हे!

खरा खजिना मात्र पुण्यातच आहे, कौन्सिल हॉलजवळ. पुणे पुराभिलेखागार, जुन्या माणसांच्या तोंडी ‘पेशवे दप्तर’. दगडी इमारत, आत रॅकवर रॅक आणि त्यावर कापडात बांधलेली गाठोडी. या गाठोड्याला म्हणतात रुमाल. एका रुमालात शेकडो कागद. सगळे मिळून काही कोटी. त्यांतून गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, आणि तरीही तो डोंगराचा एक खडाच म्हणायचा. प्रांत जुन्नरचे कागद याच ढिगात आहेत.

गंमत म्हणजे त्या काळच्या कागदालाच ‘जुन्नरी’ नाव होतं. जुन्नरला कागदी लोकांची वस्ती होती, मुसलमान कारागीर. फाटकी गोणपाटं, चिंध्या चुनखडीच्या पाण्यात भिजवायच्या, कुटायच्या, लगदा चाळणीवर उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. त्या घोटीव कागदावर बोरू सरसर पळायचा. दौलताबादी आणि जुन्नरी हे जाणकारांच्या तोंडातले ब्रँड. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि धंदा बसला. म्हणजे जुन्नरबद्दलची नोंद, जुन्नरच्याच कुणा कारागिराने घोटलेल्या कागदावर. एकही शब्द न वाचता कागद हातात धरला तरी एका गेलेल्या धंद्याचा इतिहास हाताला लागतो.

वाचायचं म्हटलं तर मोडी यायला हवी. मोडी म्हणजे आपल्या पणजोबांचं शॉर्टहँड, हात न उचलता लिहिलेलं. अक्षरं बसली तरी काम संपत नाही, कारण तारखा! कागदावर लिहिलेलं असतं, ‘इहिदे सबैन मया व अलफ’. म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार. झालं ११७१. हा शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की आपलं साल, १७७०-७१. दोन आकडे का? कारण हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मार्च एंडलाही संपत नाही. ते मृग नक्षत्राला सुरू होतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. पेरणीपासून पेरणीपर्यंत. अख्ख्या राज्याचं फायनान्शियल इयर पावसावर चालत होतं.

सह्यांचंही तेच. गावातला तंटा मिटला की सगळ्यांसमोर महजर व्हायचा, त्यावर पाटील नांगराचं चित्र काढणार, शेजारी शब्द, ‘निशाणी नांगर’. न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. लिहिता येत नसलेल्या माणसाचाही लोगो होता आणि तो कायद्याने चालायचा! एक मात्र विसरू नका, या कागदांवर कोण कुठे बसलं, कुणाची निशाणी खाली आली, हे जातीनेच ठरायचं. जुने दिवस गोड होते, असं म्हणणाऱ्याला एक महजर दाखवावा.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पट्ट्यांच्या नावांनी. पट्टी म्हणजे कर. म्हैसपट्टी, लग्नटका आणि ‘पाटदाम’. पाट लावणे म्हणजे विधवेचा पुनर्विवाह, आणि त्यावर सरकारला द्यायची रक्कम म्हणजे पाटदाम. शाळेत आपण काय शिकलो? १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, त्याआधी सगळा अंधार. आणि इथे अठराव्या शतकातलं सरकार त्याच गोष्टीवर कर घेतंय, म्हणजे शेती करणाऱ्या कित्येक जातींत ती रोजची बाब होती! बंदी होती ती वरच्या थरात, आणि पुस्तकं त्यांनी लिहिली. पुढे अनेक कुटुंबांनी ‘वर’ चढण्याच्या नादात पाट सोडून दिला. समाज कायम पुढेच जातो, हे गृहीतक एका कराच्या नावाने ढिलं पडतं.

पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतलेल्यांसाठी एक जोडधंदा माहिती. हॅरॉल्ड मॅन या शेतीतज्ज्ञाने १९१७ साली दख्खनच्या एका खेड्यावर पुस्तक छापलं. ते खेडं म्हणजे तुमचं पिंपळे सौदागर. १७७१ साली तिथे सरासरी धारण चाळीस एकर होती, १९१५च्या सुमारास ती सात एकरांवर आली. आता स्क्वेअर फुटांत मोजतात.

एका शब्दाची किंमत

इथपर्यंत सगळं ‘इंटरेस्टिंग’ आहे. यापुढचं मात्र खिशाला आणि करिअरला लागतं.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एक रजिस्टर असतं, कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण वारलं, त्याची नोंद. एक रकाना जातीचा. लिहिणाऱ्याने घाईत, बऱ्याचदा मोडीत, दोन अक्षरांत लिहून टाकलेलं. आज जातपडताळणी समितीसमोर उभ्या राहिलेल्या इंजिनीअरिंगच्या मुलाचं वर्ष त्या दोन अक्षरांवर लटकतं. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा, अनुसूचित जमात असेल तर ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचा दाखला, पणजोबांच्या मृत्यूची नोंद, जे मिळेल ते.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी वस्ती मोठी. जुन्या रजिस्टरात कुठे ‘महादेव कोळी’, कुठे नुसतंच ‘कोळी’. लिहिणाऱ्याला तेव्हा काय फरक पडत होता? आज त्या एका गाळलेल्या शब्दावरून प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. मग रूढी-परंपरांचे प्रश्न विचारून जमातीशी नातं जुळतं का ते पाहायचं. मार्च २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे लिटमस टेस्ट नव्हे. राज्यघटनेपूर्वीच्या कागदांना सगळ्यात जास्त वजन. थोडक्यात, पुन्हा चला रेकॉर्ड रूमला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. ‘कु.’ एवढंच लिहिलेल्या नोंदी शोधायला एकाएकी मोडी वाचणारे हवे झाले. ज्या लिपीला ‘आता कोण वाचतंय’ म्हणून हसायचे, तिच्या वाचकांना फोनवर फोन. आरक्षणाच्या राजकारणावर तुमचं-माझं मत काहीही असो, एवढ्या लोकांनी एकाच वेळी आपल्या पणजोबांचं नाव शोधलं, असं याआधी कधी झालं असेल असं वाटत नाही.

जंगलाचंही तसंच. २००६च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना गॅझेटियर, सर्व्हे सेटलमेंट रिपोर्ट, जुने नकाशे पुरावा म्हणून चालतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा चालतो! हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबासाठी १८८५चं पुणे गॅझेटियर हे ऐतिहासिक वाचन नाही, कामाचा कागद आहे. त्याच इंग्रजी कागदांत आंबेगावातल्या जांभोरीच्या होन्या केंगलेची नोंद दरोडेखोर म्हणून आहे. सावकारांविरुद्ध उठलेला, १८७६ला पकडला गेलेला. डोंगरात मात्र त्याला कुणी दरोडेखोर म्हणत नाही. कागद कुणी लिहिला, हा प्रश्न प्रत्येक पानावर विचारावाच लागतो.

आणि बायका? पाटदाम द्यायला त्या आहेत, बाकी नोंदींत कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको. त्यांची नोंद जात्यावर होती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, नवरा, दारू, विठोबा, आंबेडकर, सगळं त्यात येतं. गिरण्या आल्या, जाती थांबली, ओव्याही थांबल्या. जे टेपवर आलं तेवढं राहिलं. ‘पारी’च्या वेबसाइटवर ते आज ऐकायला मिळतं, ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐका.

आता आंबेगाव. हा तालुका आहे, पण त्याची कचेरी घोडेगावात आणि मोठी बाजारपेठ मंचरला. मग आंबेगाव कुठे आहे? पाण्याखाली! घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो तेच बुडालं. डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांचं ते बाजाराचं गाव होतं. धान्य, मीठ, हिरडा, सोयरीक, सगळं तिथे जुळायचं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं वर येतात, लोक जाऊन नमस्कार करतात, फोटो काढतात. गल्ल्या मात्र गाळात. कुणाचं घर कुणाच्या घराशेजारी होतं, हे आता दोनच ठिकाणी सापडेल, ते घर सोडून आलेल्या माणसांच्या डोक्यात आणि महसुली कागदांत. पहिली जागा दरवर्षी थोडी थोडी कमी होतेय. दुसरीसाठी सरकारी कचेरीत अर्ज द्यावा लागतो आणि शनिवार-रविवारी ती बंद असते. तेव्हा ट्रेकच्या प्लॅनला एखादा शुक्रवार जोडून घ्या.