उधव्याच्या कोयत्याला कोणता दगड?

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि त्याच वर्षी पावसाळा सरताना डहाणू-उंबरगाव पट्ट्यात गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपयांची. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे हा लढा मराठी वाचकाला चांगला ठाऊक आहे. वेठ, लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणारे गडी), जमीनदारांची दंडेली या सगळ्याचा हिशेब त्यानंतर पुष्कळांनी मांडला. हत्याराच्या बाजूने मात्र त्या मागणीकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. मजुरी वजनावर ठरली की धार ही थेट कमाईची गोष्ट होते. विळा बोथटला तर त्याच वेळात गवत कमी पडते, आणि तो पाजवत बसलेला वेळ कोणी भरून देत नाही. म्हणजे लवकर धार देणारा आणि ती धार टिकू देणारा दगड कोणता, हा प्रश्न या भागात निव्वळ हौसेचा कधीच नव्हता.

तलासरीहून दादरा-नगर हवेलीकडे जाताना लागणारे उधवा आजही भातशेतीचे, गवताचे आणि ताडीचे गाव आहे. अशा गावातल्या घरात धारेची हत्यारे चार तऱ्हांची: विळा-कोयता, स्वयंपाकाची विळी-सुरी, ताडी काढणाऱ्याची कोयती आणि क्वचित कुठे जुना वस्तरा. धार लावायच्या कृत्रिम दगडांविषयी जे सल्ले मिळतात ते मात्र बहुतेक वस्तऱ्यावर आणि महागड्या जपानी सुऱ्यांवर बेतलेले असतात. त्यांची सुरुवात दगडाच्या कणांच्या आकड्यापासून होते (आकडा मोठा तितका कण बारीक): हजारचा घ्या, मग तीन हजारचा, मग आठ हजारचा. हा क्रम वस्तऱ्यापुरता बरोबर आहे. बाकीच्या तीन हत्यारांसाठी तो उलटा धरावा लागतो. तिथे आधी दगडाचा आकार पाहायचा, मग त्यातले कण किती घट्ट बांधले आहेत ते, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

मुळात कृत्रिम दगड हवाच कशाला? ओढ्यातल्या काळ्या दगडावर घासून पिढ्या गेल्याच की, हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. हा सगळा मुलूख बेसाल्टचा. बेसाल्टमधली मुख्य खनिजे कठीणतेच्या मोह्स मापावर सहाच्या आसपास येतात आणि पाणी दिलेले पोलाद साडेसहाच्या घरात. मऊ लोखंडाचा विळा त्या दगडावर घासला जातो, पण चांगले पोलाद आले की दगडच आधी गुळगुळीत होतो. एडवर्ड अॅचेसन या अमेरिकन संशोधकाला १८९१ मध्ये कृत्रिम हिऱ्याच्या नादात सिलिकॉन कार्बाइड सापडले आणि ही अडचण संपली. त्याची कठीणता नऊच्याही वर जाते. सुरुवातीला तो ते रत्ने घासणाऱ्यांना कॅरटच्या भावाने विकत असे. आज तोच पदार्थ हार्डवेअरच्या दुकानातल्या करड्या-काळ्या दगडात असतो. तपकिरी किंवा पांढऱ्या दगडात बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइड असते. आपल्याकडेही हा उद्योग जुना आहे. उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेलचे काम १९४१ मध्ये सुरू झाले आणि मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ मध्ये.

आता आकाराकडे. विळ्याची धार आतल्या बाजूला वळलेली, विळीचे पाते उभे आणि तेही बाकदार. दुकानात सर्रास मिळणारा आठ इंच लांब, दोन इंच रुंद दगड ओट्यावर ठेवून त्यावर विळा फिरवू गेले तर दगडाचा नुसता कोपरा लागतो, आणि धार सलग न येता जागोजागी खाल्ल्यासारखी होते. इथे हत्यार स्थिर ठेवायचे आणि दगड हाताने फिरवायचा. त्यासाठी मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा दगड लागतो. तो स्वस्त असतो, खिशात मावतो, बांधावर नेता येतो. याच्यापुढे हजारचा की दोन हजारचा हा वादच फिजूल. दात्यांच्या विळ्याला तर कुठलाच दगड नको. दाते बसले की ते काम लोहाराचे.

कणांची बांधणी पोलादावर ठरते. कोयते पुष्कळदा ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेले असतात. हे स्प्रिंगचे पोलाद चिवट असते, ठिसूळ नसते, आणि वस्तऱ्याइतके कठीणही नसते. त्याला घट्ट बांधणीचा, सहज न झिजणारा दगड चांगला. कण भराभर सोडणारा, चिखल करणारा मऊ जपानी पाणदगड कोयत्याखाली काही दिवसांतच घळ पडून वाया जातो. शिवाय गवत आणि भाताचा पेंढा धारेला खाऊन टाकतात. भाताच्या वाळक्या काडात सिलिकाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे मजूर दिवसभर एक प्रकारे बारीक वाळूच कापत असतो. अशा कामात आठ हजारच्या दगडावर आणलेली आरशासारखी धार पहिल्या काही पेंढ्यांतच जाते. मध्यम दगडाने सोडलेले सूक्ष्म दाते काडीला धरतात आणि धार बोथटली तरी कापत राहतात. टोमॅटोची साल किंवा बोंबलाची निसरडी कातडी कापतानाही हेच होते. म्हणून स्वयंपाकाच्या सुरीला हजारच्या पुढे नेणे ही माझ्या मते हौस आहे, गरज नव्हे.

ताडीची कोयती मात्र मधली. ताडाची पोय रोज पातळ चकतीने छाटावी लागते, म्हणजे बुजू लागलेला काप पुन्हा मोकळा होऊन रस वाहतो. काप ठेचल्यासारखा झाला तर रस आटतो. इथे दाबून चिरण्यापेक्षा तासणे जास्त, त्यामुळे मध्यम दगडानंतर बारीक दगडाचे चार हात सार्थकी लागतात.

आकडा शेवटी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे: तो एकच नसतो. जपानी मापात हजारचा कण सुमारे साडेअकरा मायक्रॉनचा. युरोपीय पद्धतीत दगडांसाठीच्या ‘एफ’ मापात हजार म्हणजे साडेचार मायक्रॉन, आणि पॉलिश पेपरच्या ‘पी’ मापात तोच हजार अठराच्या वर जातो. तिन्ही खोक्यांवर छापलेले असते १०००. कुठल्या मापातला ते लिहिलेले नसेल, तर त्या आकड्यावर जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

वस्तऱ्याला हे सगळे नियम उलटे लागू होतात. त्याचे पोलाद कठीण, पाते पोकळ घासलेले, आणि दोन्ही बाजूंच्या उतारांचा मिळून कोन जेमतेम सोळा-सतरा अंशांचा. तो कोन हाताने सांभाळायचा नसतो. जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवले की आपोआप साधतो. म्हणून दगड रुंद, बिनघळीचा, सपाटच हवा. दुकानातल्या दुहेरी दगडाच्या १२० नंबरच्या बाजूचा कण सुमारे शंभर मायक्रॉनचा, म्हणजे दाढीच्या केसाएवढा जाड असतो. त्यावर घासलेल्या वस्तऱ्याचा काठ भिंगाखाली करवतीसारखा दिसतो. केस अशा काठाने कापला जाण्याआधी ओढला जातो आणि कातडी सोलवटते. आठ हजारच्या जपानी दगडाचा कण सव्वा मायक्रॉनच्या आसपास. त्यानंतर चामड्याचा पट्टा. इथे हजार, तीन-चार हजार, आठ हजार ही शिडी चढावीच लागते, आणि एखादी पायरी गाळली तर आधीचे ओरखडे काठाशी तसेच राहतात.

यावर कोणी म्हणेल, वस्तरा आता उरलाय कुठे? सलूनमध्ये अर्धी ब्लेड घालायचे वस्तरे आले, मग एवढी चर्चा कशाला? सलूनमधला बदल योग्यच आहे. काविळीचा बी विषाणू आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि दगडावर घासल्याने पाते धारदार होते, निर्जंतुक होत नाही. अनेकांच्या दाढीला एकच पाजवलेला वस्तरा परत आणावा असे कोणी सुचवू नये. पण घरात वडिलोपार्जित वस्तरा असेल आणि तो एकाच माणसाने वापरायचा असेल, तर हा खर्च रास्त आहे. तोच खर्च कोयत्यासाठी करायला सांगणारा सल्ला मात्र फसवा.

दुसरा आक्षेप फिरत्या चाकाचा. सायकलवर चाक लावून येणारा धारवाला किंवा मोटरचे ग्राइंडर मिनिटात धार लावते, मग दगड हवा कशाला? कोयत्यापुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. स्प्रिंगचे पोलाद चारशे अंशांच्या पुढे तापवूनच मवाळ केलेले असते, थोड्या उष्णतेने त्याचे फारसे बिघडत नाही. वस्तऱ्याचे पोलाद जेमतेम दोनशेच्या आसपास तापवलेले असते. त्याचा काठ चाकावर क्षणभर निळा पडला की तेवढ्या भागाचे पाणी गेले. नंतर कितीही बारीक दगड वापरला तरी ती धार टिकत नाही. सुरी या दोहोंच्या मधे येते. चाकाने ती बिघडतेच असे नाही, पण दर खेपेला गरजेपेक्षा जास्त धातू जातो आणि दोन-चार वर्षांत पाते अरुंद होते.

हिऱ्याच्या स्वस्त पट्ट्याही आता सगळीकडे मिळतात. कोयत्याला त्या चालतात, फक्त दाब हलका ठेवावा लागतो, नाहीतर पोलादावर चिकटवलेले कण उपटून येतात. वर आलेले कण खोल ओरखडे पाडतात, म्हणून वस्तऱ्याला शेवटचा हात त्यांच्यावर देऊ नये. त्यांचा खरा उपयोग दुसऱ्या दगडांची घळ काढायला.

तेव्हा उधव्यात, तलासरीत किंवा डहाणूच्या बाजारात दगड घेताना पाहायच्या गोष्टी थोड्याच. शेतीसाठी होडीसारखा करडा दगड. घरासाठी एक दुहेरी दगड, त्याची बारीक बाजू खरोखर बारीक आहे ना हे बोट फिरवून पाहून. दगडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघावे, मधून फट दिसली तर दुसरा मागावा. पाण्याचा थेंब लगेच जिरला तर दगड वापराआधी भिजवून ठेवावा लागेल. तेल वापरायचे की पाणी हे पहिल्या दिवशीच ठरवावे, कारण तेल प्यालेला दगड पुन्हा पाणी नीट घेत नाही. धार लावताना काठाच्या दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीक तार आली की दगडाचे काम झाले. मग हलक्या हाताने आलटून पालटून ती तार काढायची. बहुतेक सुऱ्या दगड वाईट म्हणून नव्हे, तर ही तार तशीच राहिल्याने दोन दिवसांत बोथट होतात. दगडाला घळ पडली तर नवा घ्यायची घाई नको. काचेच्या तुकड्यावर गॅरेजमध्ये मिळणारा जाडसर वॉटर पेपर पसरून, पाणी टाकून दगड गोल फिरवला की तो पुन्हा सपाट होतो. त्याआधी दगडावर पेन्सिलीने चौकड्या आखाव्यात. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की थांबावे.