ताम्हणाला जमीन हवी

महाराष्ट्राने ताम्हणास राज्यपुष्पाचा मान दिला. परंतु राज्याचा कारभार ज्या शहरातून चालतो, तेथे या वृक्षाला मुळे पसरण्यापुरती जमीन देण्याचा प्रश्न सुटलेला नाही. वृक्षारोपणाचे आकडे प्रतिवर्षी जाहीर होतात. त्यांत रोपांची गणती असते, मातीची नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे दुर्मीळ वस्तू रोप नसून जमीन आहे.

ताम्हण हा कोकणातील नदी-ओढ्यांच्या काठी वाढणारा वृक्ष. भरपूर ऊन व खोल, ओलसर माती मिळाली की मोठ्या उद्यानात तो चांगला पोसतो. टणक बोंडांतील पंखधारी बियांपासून केलेली रोपे पावसाच्या आरंभी, निदान २० फुटांच्या अंतराने लावावीत आणि पहिली दोन-तीन वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी द्यावे. जांभळे तुरे एप्रिल ते जूनमध्ये नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. म्हणून छाटणी हिवाळ्यात, पानगळीनंतर व्हावयास हवी. आपल्याकडे पावसाळापूर्व छाटणी नेमकी एप्रिल-मेमध्ये चालते आणि बहरच करवतीखाली जातो!

मोकळ्या मातीचे महत्त्व घोडपदेवच्या रहिवाशांना निराळे सांगावयास नको. जवळच भायखळ्याला १८६२ साली खुली झालेली राणीची बाग आहे. मूळची ब्रह्मदेशातील, क्वचितच बी धरणारी नाजूक उर्वशी तेथे फुलते. अशी आणखी उद्याने गिरणगावात निर्माण करण्याची संधी आली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा सुमारे एकतृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे यावयाचा होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी मूळच्या रिकाम्या जमिनीपुरतीच उरली, बांधकामाखालची जमीन तीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी घरे झाली, ते योग्यच झाले. घर आणि बाग यांची स्पर्धा लावण्याचे कारण नाही. दोहोंचा वाटा एकाच दुरुस्तीने घटला आहे.

आता जे तुकडे महापालिकेच्या हाती आहेत, तेथे कारंजी व फरसबंदी यांच्याआधी मातीचा हिशेब व्हावा. अर्ध्या एकराच्या बागेच्या कडेनेदेखील वीसेक ताम्हण सहज उभे राहतात. मात्र रोपांच्या निविदेत पुढील तीन उन्हाळ्यांचे पाणी धरावे, आणि कंत्राटदाराचे अखेरचे देयक तिसऱ्या वर्षी जगलेली झाडे मोजूनच चुकते करावे.