कापूस, ऊन आणि फिल्म

डिजिटलला सरावलेला हात फिल्मकडे वळला की पहिली सवय मोडावी लागते ती प्रकाश मोजण्याची. यवतमाळ जिल्ह्यात कापूसवेचणीच्या दिवसांत हे लगेच कळतं. उन्हात फुटलेलं बोंड आणि पदराच्या सावलीतला वेचणारीचा चेहरा एकाच चौकटीत येतात. डिजिटलमध्ये प्रकाश जास्त झाला की कापसाचे तंतू पांढऱ्या डागात पुसले जातात, ते परत मिळत नाहीत. निगेटिव्ह फिल्मचं उलट आहे (स्लाइड फिल्मचं नाही): एक-दोन स्टॉप जादा प्रकाश ती पचवते, पण उपाशी राहिलेली सावली कोरीच राहते. म्हणून मीटर चेहऱ्यावर धरावा.

रॉ फाइलमधून सावली उजळता येतेच, हा आक्षेप खरा आहे. पण तिथे कापूस वाचवायला चेहरा आधी अंधारात ढकलावा लागतो, आणि उजळताना दाणे उमटतात. खर्चाचा आक्षेप अधिक जड आहे. रोलमध्ये जेमतेम ३६ फोटो. कृष्णधवल रोल घरी धुतला तर हा खर्च बराच हलका होतो. रोल धुण्याचं रसायन साधारण २० अंशांवर लागतं. पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या मे महिन्यात त्यासाठी बर्फ हवा. वेचणीच्या थंडीत नळाचं पाणीही बहुधा पुरतं.