पोटखराबांतील कस्तूर

आपल्या सात-बाराच्या उताऱ्यांत कांहीं गुंठे ‘पोटखराब’ म्हणून दाखविलेले असतात. ओढ्याचा कांठ, खडकाळ उतार, करवंदीची जाळी असें तें क्षेत्र. त्यावर आकार बसत नाहीं, म्हणून तें निरुपयोगी अशी समजूत होते. तेथें कोण नांदतो, हें धायरी ते सिंहगड या पट्ट्यांतील शेतकरी बंधूंपुढें आम्ही मांडूं इच्छितों.

जाळीखालीं पाचोळ्याची खसखस झाली कीं आपण सरडा समजतों. पुष्कळदां तो नारिंगी डोक्याचा कस्तूर असतो. लांबी सुमारें २१ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीहून किंचित् लहान. नराचें डोकें व छाती नारिंगी, पाठ निळसर राखी. मादीचा रंग मळकट. लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १७९० सालीं त्यास शास्त्रीय नांव दिलें. आपल्याकडील पोटजातीचा गळा पांढरा असून डोळ्याखालून दोन काळसर उभ्या रेघा उतरतात. हिमालयांतील भाईबंदांस त्या नसतात.

हा पक्षी चोंचीनें पाचोळा उलथून किडे, अळ्या, गोगलगाई व गांडुळें टिपतो. रानफळेंही खातो व त्यांचें बीं दूरवर टाकतो. पावसाळ्यांत झुडुपांत वाटीसारखें घरटें करून मादी बहुधा ३-४ अंडीं घालते. तीं १३-१४ दिवसांत फुटतात. नरमादी दोघेंही अंडीं उबवितात.

याचे दोन सोबती सह्याद्रींत आहेत. काळा कस्तूर हा सख्खा नातलग. दुसरा शीळकरी कस्तूर. तो ओढ्यांतील खडकावर बसून पहांटे माणसासारखी शीळ घालतो. पूर्वीं त्यास कस्तूरकुळांत गणीत. अलीकडील आनुवंशिक अभ्यासानें तो माशीमार कुळांत गेला. नांव मात्र जुनेंच राहिलें.

उभ्या पिकाचा हा राखणदार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तो उघड्या शेतांत क्वचितच येतो. परंतु पाचोळा जळाला कीं त्याचें अन्न जातें, आणि बांधाची ओलही जाते. धायरी आतां पुणें महापालिकेंत आहे. घरें वाढलीं, जाळ्या थोड्या उरल्या. म्हणून विनंति इतकीच: राबासाठीं ओढ्याकांठचा सर्व पाचोळा झाडून नेऊं नये, चैत्रांत बांध पेटवूं नये, जाळी तोडणें भागच असेल तर पावसाळा सरल्यावर तोडावी. यास खर्च कांहींच नाहीं, आणि पोटखराबाचा आकार तर सरकारही मागत नाहीं.