कर्ज की मंदी? : रिचमंडच्या सभागृहातील एक प्रश्न
(अर्थकारण आणि लोकमत : लेखांक 7)

गेल्या लेखांकात तूट आणि कर्ज यांतील भेद सांगताना मी असे म्हटले होते की, एका वर्षाच्या जमाखर्चात सरकारला जी रक्कम कमी पडते ती तूट, आणि अशा अनेक वर्षांच्या तुटी भागविण्यासाठी काढलेल्या रोख्यांची जी बाकी डोक्यावर राहते ते कर्ज. हा भेद बाजूला ठेवून एका तरुण स्त्रीने भर सभेत विचारलेल्या प्रश्नाची हकीकत आज सांगावयाची आहे. आर्थिक विषयावरील राजकीय वाद ऐकत असता सामान्य नागरिक त्यात नेमके काय शोधीत असतो, हे त्या प्रसंगात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

15 ऑक्टोबर 1992 च्या रात्री, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड विद्यापीठाच्या सभागृहात अध्यक्षपदाचे तीन उमेदवार एकत्र आले : विद्यमान अध्यक्ष जॉर्ज बुश, अर्कान्सा राज्याचे गव्हर्नर बिल क्लिंटन आणि टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो. अशा वादांत प्रश्न विचारण्याचा मान तोवर पत्रकारांकडे असे. या वेळी मात्र, ज्यांचे मत अद्याप निश्चित झालेले नाही अशा 209 मतदारांना उमेदवारांपुढे बसविण्यात आले होते, आणि सूत्रसंचालन कॅरोल सिम्प्सन यांच्याकडे होते. सुरुवातीलाच एका गृहस्थाने, परस्परांच्या चारित्र्यावर चिखलफेक थांबवून आमच्या गरजांविषयी बोला, अशी कळकळीची विनंती केली होती आणि तिने सभेचा सूर ठरून गेला होता.

मग ती स्त्री उभी राहिली. राष्ट्रीय कर्जाचा तुम्हा तिघांच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला आहे, आणि झाला नसेल तर सामान्यांच्या दुखण्याचा अनुभव नसताना त्यावर उपाय कसा शोधणार, असा तिचा प्रश्न होता. ती हे विचारीत असतानाच बुश यांनी मनगट वळवून घड्याळाकडे पाहिले. कॅमेऱ्याने ते टिपले आणि कोट्यवधी घरांत ते दिसले.

पेरो यांनी प्रथम उत्तर दिले. या कर्जामुळेच आपला व्यवसाय आणि खाजगी आयुष्य बाजूला ठेवून आपण या कामात पडलो, असे त्यांनी सांगितले. बुश यांनी कर्जाचा व्याजाच्या दराशी असलेला संबंध सांगितला, परंतु ‘तुमच्यावर’ या शब्दाशी ती पुन्हा पुन्हा येऊ लागली तेव्हा आपल्याला प्रश्न नीट उमगला नाही हे त्यांनी कबूल केले. तिने मग खुलासा केला : तिच्या ओळखीच्या लोकांना कामावरून कमी केले होते, घराचे आणि मोटारीचे हप्ते भरणे त्यांना जड जात होते. प्रश्नाचा रोख कर्जापेक्षा मंदीकडे असावा, असे सिम्प्सन यांनीही सुचविले. त्यावर बुश यांनी एका चर्चच्या पत्रकात वाचलेल्या कुटुंबांच्या ओढाताणीचा उल्लेख केला. क्लिंटन मात्र आसन सोडून तिच्या दिशेने चालत गेले, आणि तुमच्यावर याचा कसा परिणाम झाला ते मला पुन्हा सांगा, असे त्यांनी तिलाच विचारले. आपल्या लहानशा राज्यात कारखाना बंद पडला की काम गेलेली माणसे आपल्याला नावानिशी ठाऊक असतात, हे त्यांनी त्यानंतर सांगितले.

हा वाद पाहिलेल्यांची गॅलपने त्याच रात्री मते घेतली, तेव्हा 58 टक्क्यांनी क्लिंटन यांचा, 16 टक्क्यांनी बुश यांचा आणि 15 टक्क्यांनी पेरो यांचा कौल दिला. एका घड्याळाने आणि चार पावलांनी लोक भुलले, असा याचा अर्थ लावण्याची प्रथा पडली आहे, आणि त्या स्त्रीला कर्ज व मंदी यांतला फरक कळला नव्हता, असेही जाणकार म्हणत आले आहेत. या दोन्ही निष्कर्षांशी मी सहमत नाही.

‘राष्ट्रीय कर्ज’ हा शब्द तिच्या तोंडी आला कोठून? तो त्या हंगामात पेरो यांनीच घरोघर पोहोचविला होता. 6 ऑक्टोबर रोजी, म्हणजे या सभेच्या अवघे नऊ दिवस आधी, त्यांनी स्वखर्चाने दूरचित्रवाणीचा अर्धा तास विकत घेऊन, हातात काठी घेऊन, एकामागून एक तक्ते दाखवीत देशाचा हिशेब लोकांपुढे मांडला होता. त्या सुमारास सरकारी कर्ज सुमारे 4 लाख कोटी डॉलर झाले होते, आणि 1992 च्या आर्थिक वर्षातील तूट सुमारे 29 हजार कोटी डॉलर होती. आपल्याकडेही घर बुडाले की ते कर्जात बुडाले असेच लोक म्हणतात. ज्याचा हप्ता थकला आहे, नोकरी गेली आहे, त्याला आपल्या साऱ्या विवंचनेला एकच नाव सापडावे आणि ते नाव ‘कर्ज’ असावे, यात अडाणीपणा कोठे आहे?

बुश यांचे व्याजदराचे उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होते. सरकारने बाजारातून फार उचल केली की खाजगी कर्जदाराला पैसा महाग पडतो, हे खरेच. पण त्या वर्षीची स्थिती निराळी होती. मध्यवर्ती बँकेने अल्पमुदतीचा व्याजदर सप्टेंबरमध्ये 3 टक्क्यांपर्यंत खाली आणला होता. तेव्हा तिच्या ओळखीच्यांच्या नोकऱ्या महाग पैशामुळे जात होत्या असे म्हणणे कठीण होते. मागणी थंडावली होती आणि कारखानदार नवी भरती करण्यास धजत नव्हते. मार्च 1991 मध्ये बेकारीचे प्रमाण 6.8 टक्के होते. जून 1992 मध्ये ते 7.8 टक्क्यांवर गेले. खाडी युद्धानंतर जवळपास 90 टक्के लोकांची पसंती लाभलेल्या अध्यक्षांचे पाठबळ वर्षभरात ओसरले, त्यामागे मुख्यतः हे आकडे होते. श्रोत्यांनी तिच्या शब्दाची चूक मनावर घेतली नाही, कारण तिला काय म्हणावयाचे होते ते त्यांना आपापल्या घरातून ठाऊक होते. घड्याळाकडे गेलेली नजर त्यांना खटकली तीही त्यामुळेच. हाच कटाक्ष परराष्ट्रधोरणाच्या प्रश्नावर पडला असता, तर तो दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिला नसता, असे मला वाटते.

3 नोव्हेंबरच्या मतदानात क्लिंटन यांना 43 टक्के मते मिळाली, बुश यांना सुमारे साडेसदतीस, आणि पेरो यांना 19 टक्क्यांच्या जवळपास.

यात एक गोष्ट सांगावयाची राहिली. मंदीचा आरंभ आणि अंत ठरविण्याचे काम अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांची एक समिती करते. जुलै 1990 मध्ये सुरू झालेली ही मंदी मार्च 1991 मध्येच संपली होती, असे त्या समितीने जाहीर केले ते 22 डिसेंबर 1992 रोजी, मतदान होऊन सात आठवडे उलटल्यावर. म्हणजे रिचमंडच्या त्या रात्री ती स्त्री आपल्या कामावरून काढलेल्या मित्रांविषयी बोलत होती तेव्हा, दप्तरी हिशेबाप्रमाणे, मंदी संपून एकोणीस महिने झाले होते. ही तारीख समिती कोणत्या आकड्यांवरून ठरविते, आणि माणसाला पुन्हा काम मिळण्याचा दिवस त्या तारखेच्या इतका मागे का रेंगाळतो, हे पुढील लेखांकात पाहू.