हालचालीचं शास्त्र (भाग 6) : माशी वळते कशी?

मागच्या भागात आपण ठेच लागल्यावर तोल कसा सावरतो ते पाहिलं. मेंदूला खबर लागायच्या आत मज्जारज्जू कामाला लागलेला असतो. या वेळी माणूस बाजूला ठेवू आणि माशीकडे वळू. आपल्या जानेफळ गावात पावसाळ्यात जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने वारणं चालू असतं, तीच ही माशी. हात उगारायचा अवकाश, ती गेलेली असते. हे तिला जमतं कसं, या एका प्रश्नामागे डॉ. संजय साने वर्षानुवर्षं आहेत. बंगळुरूच्या ‘एनसीबीएस’मध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या जीवविज्ञान केंद्रात, त्यांची प्रयोगशाळा आहे.

त्यांची सुरुवात मेंदूपासून झाली नाही, पंखापासून झाली. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला, सेकंदाला सुमारे 200 वेळा पंख मारतं. एवढासा पंख हवेला किती रेटा देतो, हे मोजायचं कसं? कॅलिफोर्नियात बर्कलीला मायकेल डिकिन्सन यांच्या प्रयोगशाळेत त्यासाठी एक यांत्रिक माशी होती. तिचा पंख 25 सेंटीमीटरचा. तो खनिज तेलाच्या मोठ्या टाकीत अगदी संथपणे हलवायचा, कारण चिमुकल्या पंखाभोवती हवा जशी वाहते, तसंच मोठ्या पंखाभोवती दाट तेल वाहतं. डिकिन्सन, लेमन आणि साने यांचा यावरचा निबंध 1999 साली ‘सायन्स’मध्ये आला. पंखाच्या फटक्यातून बळ मिळतंच. पण फटका संपताना पंख उलटा फिरतो तेव्हाही मिळतं, आणि स्वतःच मागे सोडलेल्या भोवऱ्यातूनही पंख थोडं बळ वसूल करतो. पंख फिरवण्याची वेळ किंचित मागेपुढे केली की हे बळ बदलतं. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण माशीचं सुकाणू इथे सापडतं.

पण सुकाणू धरायचं तर आपण कुठे कलतोय ते आधी कळायला हवं. सिॲटलला टॉम डॅनियल यांच्या प्रयोगशाळेत असताना साने यांनी हॉकमॉथ जातीचा पतंग घेतला. तो तिन्हीसांजेला उडतो. अंधूक उजेडात डोळ्यांचं काम मंदावतं, मग तो फुलासमोर हवेत स्थिर राहतो तरी कसा? साने आणि सहकाऱ्यांनी पतंगाच्या मिशांचा लांब भाग कापला. पतंग भिंतींवर आदळू लागले, मागे मागे उडू लागले. मग कापलेले तुकडे गोंदाने परत चिकटवले. त्या तुकड्यांत आता जिवंत चेतापेशींचा संबंध उरलेला नव्हता, तरीही पतंगांचं उडणं बरंच सुधारलं! म्हणजे गरज होती ती मिशीच्या वजनाची. शरीर वळलं की मिशी किंचित वाकते, आणि ते वाकणं तिच्या बुडाशी असलेलं जॉन्स्टनचं इंद्रिय टिपतं. हा निबंध 2007 सालचा. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो.

माशीकडे याच कामासाठी वेगळं साधन आहे. तिच्या मागच्या पंखांच्या जागी टोकाला गोळी असलेल्या दोन बारीक काड्या असतात, त्यांना संतोलक म्हणतात. पंख वर गेला की संतोलक खाली येतो. सेकंदाला शंभराहून अधिक वेळा हा मेळ अचूक साधतो. चेतापेशी प्रत्येक फटक्याला हुकूम देत असतील, तर ते शक्यच नाही. उड्डाणाच्या मुख्य स्नायूंना फटक्यांच्या मानाने फारच थोडे संदेश मिळतात. एक स्नायू आकसला की दुसरा ताणला जातो आणि त्या ताणानेच तोही आकसतो. मग पंख आणि संतोलकाचा ताल राखतं कोण?

तन्वी देवरा, अमित कुमार सिंग आणि साने यांनी याचं उत्तर मेलेल्या माशीत शोधलं. नुकत्याच मेलेल्या माशीचा एक पंख हलवला, तर दुसरा पंखही हलला आणि संतोलकही हलले. जीव नाही, मेंदूचा हुकूम नाही, तरी ताल शाबूत! छातीच्या कवचातल्या कडक पट्ट्याच हे अवयव एकमेकांना जोडतात. पट्टी तोडली की मेळ बिघडतो. शिवाय पंखाच्या मुळाशी मोटारसायकलसारखा क्लच आणि गिअर आहे, त्यामुळे माशी एकेक पंख वेगळा जोडू-सोडू शकते. 2015 साली हे काम अमेरिकेच्या ‘पीएनएएस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

तेलाची टाकी, चिकटवलेली मिशी आणि मेलेली माशी या तिन्ही कामांतून साने यांनी हालचालीचा हिशेब एकट्या मेंदूच्या खात्यावर टाकायचं नाकारलं आहे. मेंदू फार थोडं बोलतो, कारण शरीराच्या घडणीतच बरंचसं उत्तर आधी बसवलेलं आहे.

बंगळुरूच्या प्रयोगशाळेत अभ्यासला जाणारा एक पतंग आपल्या ओळखीच्या झाडांवर वाढतो. कण्हेर किंवा तगरीच्या पानांवर डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाडजूड हिरवी अळी दिसली, तर ती त्याचीच. जानेफळच्या आणि आसपासच्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे : ती अळी मारू देऊ नका, पानांसकट जाळीच्या डब्यात ठेवून मुलांना तिचा पतंग होताना दाखवा. आणि एखाद्या मेलेल्या माशीचा पंख अलगद बाजूला सारून भिंगाखाली संतोलकाची ती गोळीही दाखवा.