बॅटरी कुणाची, विष कुणाच्या पाण्यात?

जुलै २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने नागपूरच्या लिथियम बॅटरी प्रकल्पाला मंजुरी दिली. रोजगाराचे आकडे जाहीर झाले. परंतु अशा कारखान्यात नेमके काय चालते, हे कामगाराला कोण सांगणार?

धातूंच्या संयुगांची भुकटी, पीव्हीडीएफ नावाचे फ्लोरिनयुक्त बंधक आणि एनएमपी हे द्रावक यांचा मोठ्या मिक्सरमध्ये लगदा करतात. तो ॲल्युमिनियमच्या वर्खावर लेपून लांबलचक भट्टीत वाळवतात, रोलरखाली दाबतात, कापतात. मग अत्यंत कोरड्या खोलीत सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट भरतात. कारण त्यातील लिथियमच्या क्षाराला ओल लागली की हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू सुटतो. एनएमपी प्रजननक्षमतेला अपायकारक आहे. यंत्रे स्वयंचलित असतात, हे खरे. पण मिक्सर धुणे, सांडलेले पुसणे हे माणसालाच करावे लागते आणि ते बहुधा ठेकेदाराच्या माणसावर येते. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे या वाचकांना सांगायला नको.

बॅटरीला लागणारी फ्लोरिनची रसायने आधी दुसऱ्याच कारखान्यांत तयार होतात. अशा रसायन उद्योगाचा इतिहास आज रत्नागिरीच्या दारात आला आहे. इटलीतील त्रिसिनो येथील मितेनी कारखान्याच्या पीफास रसायनांनी सुमारे साडेतीन लाख लोकांच्या परिसरातील पाणी दूषित केले. २०१८मध्ये त्याचे दिवाळे निघाले. जून २०२५मध्ये न्यायालयाने ११ जणांना कारावास सुनावला. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री खेड तालुक्यातील लोटे औद्योगिक वसाहतीत आली आहे. तिथे बॅटरीचीच रसायने बनतात, असे मी म्हणत नाही. यंत्र गुन्हेगार नसते, हेही मान्य. पण जी प्रक्रिया तिकडे न्यायालयात गेली, ती इकडे प्रश्न न विचारता चालू द्यायची काय?

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगाराच्या हक्काला कायद्याचा आधार दिला. भोपाळनंतर १९८७मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही हे बंधन आहे. मग आपण ती माहिती मागतो का?

कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : वापरातील रसायनांची मराठीत यादी, ठेका कामगारांसह सर्वांची वैद्यकीय तपासणी आणि विहिरींच्या पाण्याचा अहवाल. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पुढची लढाई त्या कागदावरच उभी राहते.

जय भीम!